मांजरसुंब्यात पुढं काय येणार

माझ्या हाताला आज जे काम आहे, ते वस्ताद आणि त्यांच्या बायको, म्हणजे भाभी, यांच्यामुळं आहे. आमच्या भागात पाहुणा आला की त्याला आधी "कुणाकडून आलात?" विचारतात, "कावून आलात?" म्हणजे कशासाठी, हे नंतर. त्या रीतीनं सांगायचं तर मी वस्तादांकडून आलोय. आता झालं काय ते सांगतो.

मी पाटोदा तालुक्यातला. घरचे दर दिवाळीला ऊसतोडीला जायचे, मी त्यांच्यासोबत. परत येईस्तोवर वर्गातली मुलं दोन धडे नाही, दोन पुस्तकं पुढं गेलेली असायची. आठवीत एकदा मास्तरांनी मला फळ्यावर बोलावलं, मी गेलो, आणि फळ्यावर काय लिहिलंय तेच मला कळेना. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेलो नाही. कुणी मारलं नाही, कुणी काढलं नाही. मीच भ्यालो. पुढं खडी केंद्रावर काम केलं, लोकांचे ट्रॅक्टर चालवले, आणि सव्वीस वर्षांचा झालो तेव्हा मांजरसुंब्याच्या फाट्यावर वस्तादांच्या दुकानात आलो.

वस्तादांचं दुकान म्हणजे डिझेल पंपाचं. ट्रकच्या इंजिनाला थेंब थेंब मोजून डिझेल पोचवणारा पंप असतो, तो उघडायचा, साफ करायचा, जुळवायचा. त्यातला प्लंजर, म्हणजे बोटाएवढी पोलादी कांडी, तिच्या नळीत आपल्याच वजनानं हळूहळू उतरली पाहिजे. धपकन पडली तर झिजलेली, अडकली तर घाण. हे डोळ्याला दिसत नाही, बोटालाच कळतं. वस्तादांच्या बोटाला ते जेवढं कळायचं तेवढं बीडमधल्या पंप तपासायच्या यंत्रालाही कळत नसेल असं लोक म्हणायचे, आणि वस्ताद म्हणायचे, "यंत्राला कळतंय, पर यंत्र चहा पीत न्हाई म्हून लोक माझ्याकडं येतात."

समोर ढाबा होता. ढाबेवाले आण्णा टीव्ही बघून बघून मोठे ज्योतिषी झालेले. दुपारचं गिऱ्हाईक ओसरलं की ते आमच्या बाकड्यावर येऊन बसायचे आणि जगाचं काय होणार ते सांगायचे.

"वस्ताद, पाच वर्सांत गाड्या उडत्याल बघा."

"उडत्याल. मग ढाब्यावर उतरत्याल कशाला?"

"थांबा की. रोबो आणणार हाय मी. भाकरी थापायला."

"त्याला आधी तुमच्या चुलीचा धूर दाखवा. पळून जाईल."

आण्णांना राग यायचा नाही. ते म्हणायचे, "बरं, तुमी सांगा, काय येणार?"

आणि इथं वस्ताद गंभीर व्हायचे. त्यांची भविष्य बघायची रीत वेगळी होती. ते महिन्यातून एकदा बीडला भंगारच्या बाजारात जायचे. सामान घ्यायला जायचे हे खरं, पण नुसतं बघायलाही जायचे. मला सोबत न्यायचे. पत्र्याच्या, तारांच्या ढिगातून फिरता फिरता कुठं तरी वाकून बसायचे आणि एखादी काळी डबी उचलायचे. "ही बघ. गाडीचा कॉम्प्युटर. गेल्या खेपेला एक होता, आज सहा हायत."

"मग?"

"मग काय? शोरूममधे जे दिसतं ते येईलच असं न्हाई. कितीक गोष्टी शोरूममधेच मरत्यात. पर जी वस्तू मोडून भंगारात आली, ती लोकांनी वापरली हाय, घाटात चढवली हाय. ती आता जात न्हाई. पाच वर्सांत आपल्या दारात येती."

असं बघून त्यांनी सांगितलेल्या किती तरी गोष्टी खऱ्या झाल्या. बल्बच्या जागी एलईडी येणार, विहिरीवर सौरपंप येणार, ट्रकवाला रस्ता विचारायला थांबायचा बंद होणार. एक मात्र साफ चुकलं. गॅसवरचा ट्रक आमच्या भागात चालणार नाही, म्हणाले होते. आता तसे ट्रक सर्रास जातात. आण्णा ते कधी विसरले नाहीत.

त्या काळ्या डब्यांनी माझी झोप उडवली होती. कारण त्या डबीचा अर्थ मला कळत होता. नव्या गाड्यांत आमचा पंपच नव्हता. त्यांच्यात एका जाड नळीत डिझेल सतत प्रचंड दाबाखाली भरलेलं असतं, आणि कधी किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. त्याचा बिघाड वाचायला स्कॅनर लागतो, स्कॅनरवर इंग्रजी लागतं, आणि मी फळ्याला भिऊन पळालेला माणूस. जुन्या गाड्या संपल्या की माझ्या हाताला काय, हा एकच प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात असायचा. जेवताना, पाना धुताना, सगळीकडं.

एकदा सकाळी दहाच्या सुमाराला कापसाच्या गाठी भरलेला ट्रक आला. नव्या पद्धतीचा. ड्रायव्हर परप्रांतातला, हिंदी बोलणारा. इंजिन मिस मारत होतं, म्हणजे एक सिलिंडर काम करत नव्हता. वस्ताद समोर ढाब्यावर चहाला गेलते. मी एकटा.

जुन्या इंजिनात आजारी सिलिंडर शोधायची आमची एक रीत आहे. इंजिन चालू ठेवायचं आणि पान्यानं एकेका नळीचा नट थोडा ढिला करायचा. आवाज बदलला तर तो सिलिंडर चांगला. आवाज बदलला नाही तर तोच आजारी. हजार वेळा केलेलं काम. स्कॅनर नको, इंग्रजी नको, नुसता कान लागतो. मला वाटलं, नवी असली तरी गाडीच आहे. ही रीत हिला लागू पडली तर मी वाचलो, आपलं शिक्षण पुढंही चालेल. खरं सांगतो, त्या ट्रकसाठी मी पाना लावलाच नव्हता. माझ्या भीतीसाठी लावला होता.

वस्तादांनी रस्त्यापलीकडून बघितलं. ते ओरडले असणार, पण इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. मी नट अर्धा फिरवला आणि तेवढ्यात कुणी तरी मला बाजूला ढकललं. वस्ताद. त्यांचा उजवा हात माझ्या हाताच्या जागी होता. इंजिन बंद पडलं. डिझेलची बारीक वाफ हवेत होती.

"इस्स," ते म्हणाले आणि हात झटकला. "टोचलं बे."

बघितलं तर पहिल्या बोटाच्या पेरावर एक ठिपका. बाभळीचा काटा लागावा तसा. रक्तही नाही. आम्ही हसलो. आण्णा धावत हळद घेऊन आले, भाभींनी चिंधी बांधली, आणि वस्ताद मला म्हणाले, "येड्या, हिच्या नळीला चालू इंजिनात हात लावायचा नसतो. हिचा दाब लोखंड कापतोय." मी मान खाली घातली.

तो ड्रायव्हर मात्र हसला नाही. त्यानं फोन काढला आणि फोनशी बोलायला लागला. नंबर लावून नाही, फोनशीच. डिझेलची बारीक धार बोटात घुसली, काय करायचं, असं त्यानं विचारलं, आणि फोन बाईच्या आवाजात हिंदीत बोलला. ड्रायव्हरचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "उस्ताद, ये बोल रहा है अभी के अभी अस्पताल. दुखे या न दुखे."

आण्णा उसळले. "फोन काय डॉक्टर हाय का? एवढ्याशा काट्याला दवाखाना?"

वस्तादांनी बोटाकडं बघितलं, फोनकडं बघितलं. भाभी म्हणाल्या, "जाऊन या. हळद पळून जात न्हाई." दहा मिनिटांत आण्णांच्या जीपमधून आम्ही बीडच्या वाटेला लागलो. घाट उतरेस्तोवर बोट सुजून टम्म झालं होतं, आणि वस्तादांच्या कपाळावर घाम होता.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वेळ झाला?" दुसरं काही नाही. ऐकल्यावर म्हणाले, काट्यासारखं दिसतं म्हणून माणसं दुसऱ्या दिवशी येतात, आणि मग हात काढायला लागतो. डिझेल आत मांसात पसरतं. त्यांनी बोट उभं चिरलं, तळव्यापर्यंत साफ केलं. हात वाचला. पण पहिली दोन बोटं ताठ राहिली, आणि त्यांच्या टोकांची जाणीव गेली. प्लंजर उतरतोय का अडकतोय हे ज्या बोटाला कळायचं, त्याला आता गरम चहाचा पेलाही कळत नव्हता.

दवाखान्यात मी त्यांच्या खाटेशी बसून होतो. शेवटी म्हणालो, "वस्ताद, माझ्या हाताचं तुमच्या हातावर आलं."

ते म्हणाले, "गप बे. ऐक. त्या फोनला जे ठावं होतं ते आपल्याला न्हवतं. मला तीस वर्सं झाली, आण्णाला वीस, तुला चार. आपण तिघांनी मिळून हळद लावली."

"हो."

"तू आठवी शिकलाय म्हून भितोस. पर आता वाचायचंच कुठं राह्यलंय? तोंडानं विचारायचं, कानानं ऐकायचं. तुझ्यासारख्याचीच सोय व्हायली, अन् तू पळायलाय."

ते पुढं म्हणाले, "हितं माझ्याजवळ बसशील तर माझ्यासंगं म्हातारा होशील. जा. डिझेलच्या बी पुढचं शीक."

मी जाणार नव्हतो. त्यांचा हात गेलेला आणि मी निघून जायचं? पण दवाखान्यातून आल्यावर आठवडाभरात त्यांनी मला अक्षरशः हाकललं. पुण्यात एका ठिकाणी चौकशी केली, तिथं दहावी पाहिजे म्हणाले. मी आनंदानं परत आलो. वस्तादांनी आनंदानं फोन फिरवला. त्यांचा एक जुना ट्रकमालक बेंगळुरूकडं असतो. त्याच्या ओळखीनं मला इथं विजेच्या बसगाड्यांच्या डेपोत मदतनीस म्हणून घेतलं. निघताना भाभींनी दशम्या बांधून दिल्या आणि म्हणाल्या, "दुकानाची फिकीर करू नको. बोटं माझी बी हायत."

मला वाटलं, धीर द्यायला बोलल्या. पण खरंच, त्या आता कामाच्या बाकावर बसतात. प्लंजर त्या धरतात, वस्ताद शेजारी बसून विचारतात, "कसा उतरतोय?" आणि भाभी सांगतात, "साईवाणी." दुधावरच्या सायीसारखा, म्हणजे बरोबर. ट्रॅक्टरवाले आधी हसायचे. आता म्हणतात, भाभीच्या हातचा पंप द्या.

इथं मला तीन वर्षं झाली. भाषा येत नव्हती, अजून अर्धीच येते. गाव लांब, आई फोनवर रडते, मी रडत नाही असं दाखवतो. सुरुवातीला रोज सकाळी कामाची भीती वाटायची, कारण या बसच्या बॅटरीची वीज माणसाला दुसरी संधी देत नाही. काम सुरू करायच्या आधी रबरी हातमोजे गुंडाळून त्यांत हवा कोंडायची आणि कानाजवळ धरून कुठून सुटते का ते ऐकायचं असतं. बाकीचे एकदा बघायचे, मी तीनदा. मला वाटायचं सगळे हसतील. एक दिवस आमच्या मुख्य मेस्त्रीनं सगळ्यांसमोर सांगितलं, या कामाला असाच भित्रा माणूस पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भित्रेपणाला कुणी तरी गुण म्हणालं.

आणि शिकलो तो फोनला विचारून. मराठीत विचारतो. पाटोद्याची मराठी त्याला सुरुवातीला कळत नव्हती, "कावून" म्हटलं की गप्प बसायचा. आता कळते. कधी कधी चुकतोही. एकदा त्यानं मला भलत्याच तारेचा रंग सांगितला होता. मी मीटर लावून बघितलं म्हणून निभावलं. वस्तादांनी कानावर विसंबायला शिकवलं, पण कानानं ऐकलेलं हातानं तपासायलाही शिकवलं होतं.

म्हणून आता मला कुणी विचारलं, पुढं काय येणार, तर मी कचरत नाही. माझा स्वभाव भित्रा आहे, पण एवढ्या एका बाबतीत मी ठाम बोलतो, कारण इथं आमच्या डेपोच्या मागं ज्या वस्तूंचा ढीग साचतोय तो मी रोज बघतो. थकलेल्या बॅटऱ्या येतात. बस ओढायची ताकद त्यांच्यात नसते, पण घरातले दिवे, छोटी पिठाची गिरणी, विहिरीवरची छोटी मोटर त्या वर्षानुवर्षं चालवतील. लाइट कधी येणार म्हणून शेतकऱ्यानं वाट बघत बसायचं, हे येत्या दहा वर्षांत आमच्या तालुक्यात बरंच कमी होईल. कारखान्यातून आलेल्या नव्या वस्तूनं ते होणार नाही, या जुन्या बॅटऱ्यांनीच होईल असं मला वाटतं.

विजेचे ट्रक मांजरसुंब्याला थांबतील. ते मी आण्णांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "थांबत्याल तर थांबू दे, पर चार्जिंगला तास लागतोय म्हणं."

"आण्णा, तास लागतोय म्हणूनच थांबत्याल. डिझेल भरणारा पाच मिनिटांत जातोय. हा तासभर बसंल. जेवंल, आंघोळ करंल, बाजेवर पडंल."

पलीकडं आण्णा हिशेब करत पुटपुटले. मग, "बाजा नव्या विणून घेऊ का रं?"

"घ्या. अन् घाट उतरताना भरल्या ट्रकच्या बॅटरीत वीज परत भरती, हे बी ध्यानात ठेवा."

"आता मात्र फेकायलास तू."

त्यांना ते अजून पटलेलं नाही. घाट उतरून फुकट काही मिळतं यावर आमच्या भागातला माणूस विश्वास ठेवणारच नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. पण मी रोज बघतो, उतारावर बसच्या बॅटरीचा काटा वर सरकतो.

माझ्या मावशीनं विचारलं, ऊस तोडायचं यंत्र आमचा कोयता काढून घेईल का? तिला मी खोटं सांगितलं नाही. घेईल. सपाट, मोठ्या रानात आधी. दगडाच्या, तुकड्यातुकड्यांच्या रानात उशिरा. मधे जी वर्षं मिळतील त्यांत घरातल्या एकानं तरी ते यंत्र उघडायला शिकावं, असं मी म्हणालो. मावशी म्हणाली, "माझी सून शिकंल. ती तुझ्यावाणी भीत न्हाई." मी म्हटलं, थोडी भिऊ दे, ते कामी येतं.

डिझेल लगेच जाणार नाही. जुने ट्रॅक्टर आणखी बरीच वर्षं चालतील, आणि भाभींच्या बोटांना काम राहील. पण वस्तादांना काम राहील का, हे मला डाचत होतं. ते शेजारी बसून नुसतं विचारतात, "कसा उतरतोय?" ज्या माणसाला सगळं आधी दिसायचं, तो आता दुसऱ्याच्या बोटांनी बघतो. आणि ते माझ्यामुळं.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले, पाऊसपाणी, आण्णांच्या बाजा. मग म्हणाले, "एक विचारू का बे? त्या विजेच्या गाडीला आवाज असतोय का? बिघडल्यावर?"

"बारीक असतो, वस्ताद. इनव्हर्टरची शीळ बदलते, बेअरिंगची गुरगुर येते. इंजिनाचा गोंगाट नसल्यामुळं उलट जास्त ऐकू येतं."

"म्हंजे कान लागतोय."

"कानच लागतो. इथली पोरं स्क्रीन बघतात, मी आधी ऐकतो. कितीदा स्क्रीनच्या आधी मला कळलंय."

मग त्यांनी एकदम खालच्या आवाजात, मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं तशा आवाजात विचारलं, "माझ्या वयात जमंल का रं मला? हात हा असा."

त्यांच्यासमोर मी कायम 'बघू', 'होईल वाटतं', असंच बोलत आलो. या वेळी म्हणालो, "जमंल. बोटांचं काम मी करीन, भाभी करतील. ऐकायचं काम तुमचं."

"अन् इंग्रजी?"

"तुमीच सांगितलं होतं, तोंडानं विचारायचं."

ते हसले. "आपलीच काठी आपल्या पाठीत," म्हणाले, आणि फोन भाभींकडं दिला. भाभींनी विचारलं, "काय बोललास? लई दिसांनी हसायलेत."

त्यांचा हात मी परत देऊ शकत नाही, हे मला माहीत आहे. पण इथलं काम पुरतं हातात आलं की मी मांजरसुंब्याला परत जाणार. वस्तादांच्या शेजारी बसून त्यांना पहिल्यापासून शिकवणार, एकच गोष्ट दहादा विचारली तरी न चिडता, जसं त्यांनी मला शिकवलं तसं. त्या फाट्यावर विजेची गाडी ऐकून तिचं दुखणं सांगणारा पहिला माणूस तेच असतील. वस्ताद, हे तुमचं माझ्यावरचं ऋण आहे. ते मी फेडीन.